रेट लिमिट कसं लावायचं: आधी मोजा, मग अडवा

रात्री पावणेदोनला एसएमएसचे क्रेडिट संपल्याचा मेल आला. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका क्लाससाठी मी ऑनलाइन टेस्टची साइट केली होती. सर्व्हरचा लॉग (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची, म्हणजे मागणीची नोंद) उघडला, तर ओटीपी मागणाऱ्या पानावर एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) सेकंदाला तीन रिक्वेस्ट आणि मोबाइल नंबर एकेकाने वाढत जाणारे. शेवटचे आकडे ४१, ४२, ४३... माणूस असं टाइप करत नाही. घाईघाईत प्रत्येक आयपीला मिनिटाला १० रिक्वेस्ट अशी मर्यादा, म्हणजेच रेट लिमिट, पूर्ण साइटवर ठोकली आणि झोपलो.

सकाळी अकराला क्लासच्या सरांचा फोन. "अहो, टेस्ट सुरू करायचीय आणि निम्म्या पोरांचं पानच उघडेना!" वर्गात चाळीस मुलं, वाय-फाय एकच, म्हणजे सर्व्हरच्या लेखी आयपीही एकच. चोर रात्रीच पसार झाला होता आणि मी पोरांना दारात उभं केलं होतं. तेव्हापासून हे काम मी ज्या क्रमाने करतो, तो असा.

१. आठवड्याचा लॉग वाचा

खरा माणूस सगळ्यात गडबडीच्या मिनिटाला किती रिक्वेस्ट पाठवतो ते काढा आणि मर्यादा त्याच्या दोन-तीन पट ठेवा. सगळ्या साइटला एकच आकडा लावू नका. लॉगिन, ओटीपी, सर्च, फॉर्म भरणं ही महागडी दारं. तिथे हात आखडता. चित्रं आणि स्टाइलच्या फाइल्स मोजणीतून वगळल्या तरी चालतं.

२. कुणाला मोजायचं ते ठरवा

माझी चूक इथे झाली, त्यामुळे इथे जरा थांबतो. आयपी म्हणजे माणूस नव्हे. मोबाइल कंपन्या एका आयपीमागे कितीतरी ग्राहक बसवतात. आयपीव्ही६ मध्ये (आयपीच्या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत) नेमकं उलटं: एकाच घराला पत्त्यांचा अख्खा गट मिळतो, म्हणून तिथे सुटा पत्ता न मोजता पहिल्या ६४ बिटांचा गट मोजायचा. लॉगिन झालेल्या माणसाला त्याच्या खात्यावरून मोजा, आयपीची मर्यादा सैल राहू द्या. लॉगिनच्या पानावर मात्र दोन्ही हवं: खात्यामागे किती चुकीचे पासवर्ड आणि आयपीमागे किती.

ओटीपीला मी तीन कुलपं लावतो. एका नंबरला १० मिनिटांत ३, आयपीला त्याहून सैल, आणि पूर्ण साइटवरून तासाला जास्तीत जास्त किती एसएमएस जातील याचा एक आकडा. त्या रात्री नंबर दर वेळी वेगळा होता, म्हणजे पहिलं कुलूप कुचकामी ठरलं असतं. बिल वाचवणारं कुलूप तिसरं. ओटीपी तपासतानाही मर्यादा हवीच. सहा अंकी ओटीपीच्या शक्यता १० लाख. पाच चुका झाल्या की तो ओटीपी रद्द.

सर्व्हरच्या पुढे प्रॉक्सी (मध्ये बसून रिक्वेस्ट पुढे पाठवणारा सर्व्हर) किंवा सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारं सर्व्हरांचं जाळं) असेल तर खरा आयपी हेडरमधून, म्हणजे रिक्वेस्टसोबतच्या माहितीतून येतो. तो हेडर कुणीही खोटा भरू शकतो. फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आलेला असेल तरच त्यावर विश्वास ठेवा.

३. मोजायची पद्धत निवडा

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे दर मिनिटाला शून्यापासून मोजणं. पण मर्यादा १०० असेल, तर ५९व्या सेकंदाला १०० आणि पुढच्या मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला १००, असे दोन सेकंदांत २०० आत घुसतात. 'लीकी बकेट' ही आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणासारखी. वर त्र्यंबकला कितीही कोसळो, खाली विसर्ग ठरल्या क्युसेकनेच. बादली भरली की वरचं फेकून द्यायची मुभा सॉफ्टवेअरला असते. धरणाला ती नाही, म्हणून मग गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं. 'टोकन बकेट'मध्ये ठरल्या वेगाने टोकन जमा होतात आणि दर रिक्वेस्टला एक खर्च होतं. थोडा वेळ गप्प बसलेल्याला मग एकदम चार-पाच रिक्वेस्ट पाठवता येतात. माणसं साइट अशीच वापरतात, म्हणून माझी पसंती हिला.

४. बसवा

एनजिनेक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर लीकी बकेट वापरतं. त्यात एक झोन (मोजणी ठेवायची मेमरीतली जागा) बांधायचा आणि तो साइटच्या हव्या त्या पानावर लावायचा. ६४ बिटांच्या सर्व्हरवर १ एमबी झोनमध्ये साधारण ८ हजार आयपींची नोंद मावते. एक खोच लक्षात ठेवा: 'सेकंदाला ५' म्हणजे तिथे दर २०० मिलिसेकंदाला एक. एक पान उघडताना ब्राउझर दहा गोष्टी एकदम मागतो आणि पहिली सोडून बाकीच्यांना नकार मिळतो. म्हणून 'बर्स्ट' (एकदम आलेल्या किती जास्तीच्या रिक्वेस्ट चालतील तो आकडा) द्या, आणि त्यांना रांगेत ताटकळवायचं नसेल तर सोबत 'नोडिले'ही (nodelay).

सर्व्हर एकाहून जास्त असतील तर मोजणी रेडिससारख्या (मेमरीत चालणाऱ्या डेटाबेससारख्या) सामाईक जागी ठेवा; नाहीतर चार सर्व्हर म्हणजे चौपट मर्यादा. आकडा वाढवणं आणि त्याला मुदत लावणं ही दोन कामं एकाच स्क्रिप्टमध्ये करा. वेगवेगळी केली आणि मध्येच प्रोग्रॅम पडला तर मुदत लागत नाही आणि तो माणूस कायमचा अडकतो. रेडिसच बंद पडलं तर? साधी पानं चालू द्या, ओटीपी थांबवा.

५. नकार नीट द्या

एनजिनेक्स आपणहून ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') हा कोड देतं. ते बदलून ४२९ करा. 'फार रिक्वेस्ट झाल्या' यासाठीचा हा कोड २०१२ साली आरएफसी ६५८५ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आला. सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये किती सेकंद थांबायचं ते सांगा. पानावर साध्या मराठीत लिहा: "जरा थांबा, ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा." आपलंच अॅप नकार मिळताच लगेच पुन्हा धडकत नाही ना, तेही बघा. दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट झाला पाहिजे.

६. आठवडाभर नुसतं बघा

एनजिनेक्समध्ये 'ड्राय रन' आहे: अडवत नाही, कुणाला अडवलं असतं ते लॉगमध्ये लिहितं. त्या आठवड्यात गर्दीचा दिवस आलाच पाहिजे. आमच्याकडे तो टेस्टचा रविवार. लाखो यंत्रांकडून एकदम हल्ला झाला तर मात्र यातलं काही पुरत नाही, ते सीडीएनवरच अडवावं लागतं.

सरांच्या साइटवर एसएमएसचं तासाचं कुलूप आतापर्यंत दोनदा लागलंय. एकदा मध्यरात्री. दुसऱ्यांदा नव्या बॅचच्या प्रवेशाच्या दिवशी, भर दुपारी. त्या वेळी आकडा वाढवून दिला.