घरातल्या विषारी झाडांमुळे आलेली सूज आणि वनस्पतींचे उपाय

जळगाव-धुळ्याकडे ऊन तापू लागले की ओट्यावरच्या कुंड्या सावलीला, म्हणजे घरात येतात, आणि त्यांत डिफेनबॅकिया, मनी प्लांट किंवा फिलोडेंड्रॉन हमखास असते. या झाडांच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले किंवा चिरडले की ते ओठांत, जिभेत, कातडीत रुततात. अर्धवट शिजलेले अळू किंवा सुरण खाल्ल्यावर घसा खाजतो तो याच स्फटिकांमुळे.

मुलाने पान चावले असेल तर तोंडातले तुकडे काढून तोंड पुसावे, चुळा भरायला लावाव्यात आणि नंतर थंड दूध किंवा पाणी घोट घोट द्यावे. उलटी करवू नये. तोंडात कोणताही पाला, काढा किंवा लेप घालू नये. जीभ सुजली, लाळ गळू लागली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. डोळ्यात चीक गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांना दाखवावे.

वनस्पतींचा उपाय शोभतो तो कातडीवर, आणि तोही साबणपाण्याने जागा धुतल्यानंतरच. कोरफडीचे जाड पान बुडातून कापून दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवावे, म्हणजे त्यातला पिवळा चीक निथळून जातो. हा चीक स्वतःच खाज आणतो, त्यामुळे ही पायरी टाळू नये. मग पान धुऊन, साल काढून आतला पारदर्शक गर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा आणि तिथे लाली आली नाही तरच सुजेवर पातळ थर द्यावा. कोरफड नसेल तर गार काकडीच्या चकत्याही चालतात, मात्र त्यांचे काम थंडावा देण्यापुरतेच असते. फुटलेल्या कातडीवर यांतले काहीही लावू नये.

अळूच्या भाजीला चिंच लागते म्हणून सुजेवर लिंबू चोळण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. तो मानू नये, कारण लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, आणि खानदेशातले एप्रिल-मेचे ऊन तर सर्वांना ठाऊकच आहे.

शेर या झाडाचा पांढरा चीक वेगळा. त्याने फोड येतात, म्हणून तो सुकण्याआधीच साबणाने धुवावा आणि फोड आल्यास कोरफडीच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जावे.