फोकस्टनच्या कड्यांखाली जीवाश्म शोधताना या चुका टाळा

इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन हे गाव लंडनहून द्रुतगती रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील कॉप्ट पॉइंट या टोकाशी क्रिटेशस या डायनोसॉरांच्या काळातील कालखंडाचे थर उघड्यावर दिसतात: तळाला हिरवट-पिवळट वालुकाश्म, त्यावर गॉल्ट नावाची निळसर करडी चिकणमाती आणि पूर्वेला वॉरेन या किनारपट्टीच्या बाजूस त्याहीवर पांढरा चॉक, म्हणजे मऊ चुनखडक. गॉल्ट म्हणजे सुमारे ११ ते १० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल, आणि त्यात ॲमोनाइट (वेटोळ्या शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री जीव), बेलेम्नाइट (माखलीसारख्या जीवांचे बंदुकीच्या गोळीसारखे अवशेष), शिंपले, खेकडे व शार्कचे दात सापडतात. लंडन परिसरातील मराठी वाचकांना एका दिवसात जाऊन येता येईल असे हे ठिकाण आहे. मात्र तिथे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: हाती आलेली वस्तू कोणत्या थरातली आहे, हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

कोकणचे कडे पाहत वाढलेल्या माणसाची नजर इथे सहज फसते. आपल्याकडचा काळा कातळ हा लाव्हाचा खडक आहे. क्रिटेशस कालखंड संपत आला तेव्हा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तो थरावर थर चढत गेला. त्यामुळे त्यातही आडवे पट्टे दिसतात, पण समुद्री जीव त्यात मिळत नाहीत. फोकस्टनचे थर याउलट गाळाचे आहेत, आणि गाळाच्या प्रत्येक थराला आपली वेगळी ओळख आहे.

जिवावर बेतणारी चूक भरतीची वेळ पाहण्यात होते. काही भरती-ओहोटीच्या तक्त्यांत वेळ ग्रिनिच प्रमाणवेळेनुसार छापलेली असते, आणि उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे असल्याने त्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. ओहोटी लागलेली असतानाच किनाऱ्यावर उतरावे आणि पाणी पुन्हा चढू लागण्यापूर्वी परतीला लागावे, कारण कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकल्यास वर चढण्याचा मार्ग बहुधा नसतो. गॉल्टच्या चिखलाचे ओघळही फसवे असतात: वरून वाळून भेगाळलेला पापुद्रा टणक भासतो, पण त्यावर पाय देताच तो गुडघ्यापर्यंत आत जातो.

कडा खणणे किंवा त्यावर हातोडा चालवणे कटाक्षाने टाळावे. हा किनारा संरक्षित आहे, आणि येथील उतार मुळातच अस्थिर आहेत. चॉकमधून झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीपाशी अडते आणि वरचा भार घसरू लागतो. डिसेंबर १९१५ मध्ये वॉरेनमधील अशाच मोठ्या भूस्खलनाने लोहमार्ग समुद्राच्या दिशेने सरकला आणि तो १९१९ पर्यंत बंद राहिला. खणण्याची गरजही नसते, कारण लाटांनी धुऊन काढलेले जीवाश्म वाळूतील खडीतच सापडतात, विशेषतः हिवाळी वादळांनंतर.

ओळखण्यातली नेहमीची गल्लत चॉकमधल्या जड, तांबूस गोळ्यांबाबत होते. गंजलेल्या लोखंडासारखा दिसणारा असा गोळा अनेकजण उल्का म्हणून घरी नेतात. तो फोडला तर आत मध्यापासून कडेपर्यंत पसरलेले पितळी रंगाचे, सुयांसारखे स्फटिक दिसतात. ते मार्कसाइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज असते. तसेच चकमकीच्या दगडाचे बोटांसारखे किंवा हाडांसारखे आकार पाहून ते जीवाश्म समजून हुरळून जाऊ नये.

थराची नोंद न ठेवणे ही मला सर्वांत खेदाची चूक वाटते, कारण ती नंतर दुरुस्त करणे फार अवघड असते. फोकस्टनच्या गॉल्टचे १३ उपथर अभ्यासकांनी क्रमाने लावले आहेत, आणि बिरोस्ट्रिना या छोट्या शिंपल्याकडे नीट पाहिले तरी त्यांतला फरक हाती लागतो. खालच्या गॉल्टमधील जातीच्या पाठीवर पाण्यातल्या तरंगांसारखी एकात एक वलये असतात, तर वरच्या गॉल्टच्या तळाजवळील जातीवर चोचीपासून, म्हणजे शिंपल्याच्या निमुळत्या टोकापासून, कडेपर्यंत उतरणाऱ्या ठळक पन्हळी असतात. खाली पडलेल्या वस्तूबाबत ‘कड्याखाली, सुटी’ एवढे तरी स्थळ व तारखेसह लिहून ठेवावे.

घरी आल्यावर पितळेची भांडी घासण्याच्या सवयीने चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर मुळीच वापरू नये. चॉकमधील समुद्री अर्चिन या गोल, काटेरी जीवाचे कवच कॅल्साइटचे असते आणि आम्लात ते विरघळते. ते गोड्या पाण्यात काही दिवस, पाणी रोज बदलत, भिजवून ठेवावे, नाहीतर आतले मीठ वाळताना पृष्ठभाग सोलून काढते. गॉल्टच्या ॲमोनाइटला मात्र हाच उपाय मारक ठरतो. गंडकीच्या शाळिग्रामातील चक्रही ॲमोनाइटचेच असते, म्हणून तसाच टणकपणा इथे गृहीत धरला जातो. प्रत्यक्षात गॉल्टच्या नमुन्यावर मूळ मोत्याचा मुलामा कागदाहून पातळ टिकून असतो, आणि पाण्यात मऊ झालेल्या चिकणमातीबरोबर तो निघून जातो. असा नमुना सावलीत, सावकाश वाळवावा, मऊ कुंचल्याने माती झटकावी आणि पूर्ण कोरडा झाल्यावर ॲसिटोनमध्ये पातळ केलेल्या पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा हात द्यावा.

सोनेरी पायराइट (हेही लोह आणि गंधक यांचेच खनिज) झालेले जीवाश्म सर्वांत दगाबाज. असा एक ॲमोनाइट मी ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला होता. काही महिन्यांनी पिशवी उघडली तेव्हा गंधकाचा वास आला, वळ्यांच्या जागी करडी-पांढरी भुकटी होती आणि शेजारची कागदी चिठ्ठी आम्लाने तपकिरी होऊन हातात तुटली. हवेतील ओलावा व ऑक्सिजन यांनी पायराइट कुजते आणि त्यातून तयार होणारे आम्ल पुढची पडझड वाढवते. असे नमुने पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत आणि जेल वरचेवर बदलावे. भुकटी दिसू लागताच तो नमुना इतरांपासून वेगळा करावा, त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, भुकटी कोरड्या कुंचल्याने काढावी, आणि आम्ल मारणारा अमोनियाच्या वाफेचा उपचार घरी न करता संग्रहालयातील जाणकारांच्या हातून करून घ्यावा.