मेंदूची चाचणी घेणारी व्यक्ती कोण, हे आधी पाहून घ्या

पक्षाघातानंतर, डोक्याला मार लागल्यावर किंवा विसरणं वाढलं की न्यूरॉलॉजिस्ट 'न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट', म्हणजे स्मरण, लक्ष, भाषा अशा मेंदूच्या कामांची प्रश्नोत्तरांतून तपासणी, करून आणायला सांगतात. अपॉइंटमेंट घेताना फी विचारायच्या आधी शिक्षण विचारा. आपल्याकडे क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट या नावाची स्वतंत्र सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे दारावरच्या पाटीवरून काही ठरवता येत नाही.

नोंदणी असते ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजेच आरसीआयकडे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधल्या व्याख्येतही मानसशास्त्रातल्या एम.ए.नंतर आरसीआयमान्य, दोन वर्षं पूर्णवेळ, देखरेखीखाली रुग्ण पाहून केलेली एम.फिल., किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीतली आरसीआयमान्य पात्रता धरली आहे. नुसतं मानसशास्त्राचं एम.ए. किंवा समुपदेशनाचा डिप्लोमा या कामाला पुरत नाही. सीआरआर क्रमांक, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीतला क्रमांक, मागा आणि आरसीआयच्या संकेतस्थळावर घालून पाहा. नाव जुळलं की लगेच बंद करू नका, वर्ग कोणता लिहिलाय ते वाचा. रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट हा वेगळा वर्ग आहे. नोंदणीचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून मुदतही बघा. नावाआधी 'डॉ.' असेल तर बहुतेकदा ती पीएच.डी. असते, गोळ्या बदलून मागायच्या असतील तर न्यूरॉलॉजिस्टकडेच जा.

नोंदणी असली म्हणजे मेंदूच्या आजारांचा सराव असेलच असं नाही. बरेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चिंता, नैराश्य यांचंच काम करतात, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून सरळ विचारा: न्यूरॉलॉजी किंवा न्यूरोसर्जरी विभागात किती काळ काम केलं? आमच्यासारखे पेशंट महिन्याला किती येतात? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाच्या संस्थेसारख्या ठिकाणी हे प्रशिक्षण मिळतं, पण संस्थेच्या नावापेक्षा या दोन उत्तरांवर जास्त भिस्त ठेवा. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधीची तपासणी असेल तर तशा शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयातच करून घ्या.

आता चाचण्यांबद्दल. एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एग्झामिनेशन) ही 30 गुणांची, दहा-पंधरा मिनिटांची प्राथमिक चाळणी आहे. तेवढीच करून 'संपूर्ण असेसमेंट' म्हणून पावती फाडली तर हरकत घ्या. खऱ्या तपासणीला तीन-चार तास सहज लागतात. थकणाऱ्या पेशंटला दोन दिवसांत विभागून बसवतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तुलनेत. गुण कमी की ठीक, हे त्याच वयाच्या आणि तेवढ्याच शिकलेल्या लोकांच्या गुणांशी ताडून ठरतं. निम्हान्सची 2004 ची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, भारतीयांवर बेतलेली आहे, पण तिची तुलनेची प्रमाणं 16 ते 65 वयाची. बहात्तर वर्षांच्या आजोबांना ती तशीच लावली तर वयामुळे आलेला मंदपणा आजार म्हणून नोंदला जाऊ शकतो. चौथी शिकलेल्या आजींना पदवीधरांशी ताडलं तरी तेच होतं. म्हणून 'यांचे गुण कोणाशी ताडणार?' हा प्रश्न विचाराच. जाणकार माणूस त्याने चिडत नाही, उलट खुश होतो.

भाषेचंही तसंच. घरी मराठी बोलणाऱ्याची स्मरण तपासायची शब्दांची यादी हिंदीतून घेतली, तर स्मरणाऐवजी हिंदीचीच परीक्षा होते. चाचणी मराठीतून घेणार का आणि भाषांतर तिथल्या तिथे तोंडी तर करणार नाहीत ना, हे फोनवरच विचारा.

त्या दिवशी चष्मा आणि श्रवणयंत्र न विसरता न्या, यंत्राची बॅटरी तपासून. एमआरआयचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी बरोबर ठेवा. झोपेची गोळी चालू असेल तर आधी कळवा. ती स्वतःहून बंद करू नका.

अहवालात प्रत्येक चाचणीचं नाव, मूळ गुण, तुलनेचा गट, चाचणीची भाषा, पेशंटची मनःस्थिती आणि नोंदणी क्रमांकासह सही हवी. चाचणी प्रशिक्षणार्थीने घेतली तरी चालते, मात्र तसं लिहून वरिष्ठांनी सही केलेली असावी. 'स्मरणशक्ती मध्यम प्रमाणात कमी' एवढ्या एका ओळीचा उपयोग नाही, कारण पुढच्या वर्षी तुलना करायला आकडेच लागतात. फेरतपासणी साधारण सहा महिने ते वर्षाने करतात. लवकर केली तर सरावानेच गुण वाढतात आणि घरचे उगाच सुखावतात. जाताना जुन्या अहवालाची पूर्ण प्रत न्या, म्हणजे शब्दांची तीच यादी पुन्हा द्यायची की तिची दुसरी आवृत्ती, हे चाचणी घेणाऱ्यांना ठरवता येईल.