लहान मुलाला वेकबोर्डवर उभं कसं करायचं

मूल पाच-सहा वर्षांचं असेल, लाइफ जॅकेट घालून खोल पाण्यात निवांत तरंगत असेल आणि नाकातोंडात पाणी गेलं तरी भोकाड पसरत नसेल, तर ते वेकबोर्ड (बोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जायचा, दोन्ही पायांत अडकवलेला बोर्ड) शिकू शकतं. पाण्याची भीती असेल तर आधी पूल, बोट पुढच्या वर्षी. खालचं सगळं कॅलिफोर्नियातली तळी आणि डेल्टा (सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांचा त्रिभुज प्रदेश) डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर कायदे तेवढे तपासून घ्या.

वाढत्या अंगाचं सामान घेऊ नका. शाळेचा गणवेश तसा घेतला तर चालतो, बोर्ड आणि लाइफ जॅकेट नाही. वीस ते तीस किलोच्या मुलाला ११० ते ११८ सेंटिमीटरचा, लांब फिनचा (फिन म्हणजे बोर्डखालचा पंख) बोर्ड पुरतो. फिन लांब असली की बोर्ड सरळ धावतो. दोन्ही बाइंडिंग (बोर्डवरचे पाय अडकवायचे बूट) एक-दोन भोकं मागे सरकवून बसवा, म्हणजे बोर्डचं नाक पाण्यात घुसत नाही. बाइंडिंगमध्ये बोटं हलली पाहिजेत, टाच उचलता कामा नये. सैल असेल तर पडताना एकच पाय सुटतो आणि दुसऱ्या गुडघ्याला पीळ बसतो. जॅकेट अमेरिकन कोस्ट गार्डची (तटरक्षक दलाची) मान्यता असलेलंच हवं. खांद्याच्या पट्ट्या धरून मुलाला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मे-जूनमध्ये धरणांत वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, तेव्हा तीन मिलिमीटरचा वेटसूट घाला. कुडकुडणारं मूल काहीही शिकत नाही.

कोणता पाय पुढे? मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत येऊन घसरायला सांगा. जो पाय आपसूक पुढे येईल तो.

आता खरा प्रश्न: पाण्यातून वर येणं. सगळी रड इथेच असते, आणि सगळे चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. "पाय दाबून धर", "जोर लाव", "ऊठ, ऊठ!" यातलं एकही वाक्य बोटीतून ऐकू आलं नाही पाहिजे. मुलाने उठायचं नसतंच. बोट त्याला उचलते. त्याने फक्त उकिडवं बसून राहायचं असतं.

हे आधी जमिनीवर करून घ्या. हिरवळीवर किंवा ओल्या वाळूवर मुलाला बोर्ड घालून बसवा. गुडघे छातीशी, टाचा ढुंगणाजवळ, हात गुडघ्यांच्या बाहेरून सरळ, हँडल नडग्यांपुढे. तुम्ही दोरी हळूहळू ओढा. मुलाने कोपर वाकवलं की दोरी सोडून द्या. ते मागे धपकन बसेल आणि न सांगता समजेल. कोपर न वाकवता ते बोर्डवर उकिडवं येऊन टेकलं की जमलं. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना उकिडवं बसायची सवय नसते, टाचा उचलल्या जातात, तोल पुढे जातो. आठवडाभर घरात खेळताना तसं बसायला लावा. याच वेळी "सोड!" म्हटल्यावर हँडल सोडायची सवय लावा. पडल्यावरही हँडल गच्च धरून ठेवणारं मूल पोटभर पाणी पितं आणि त्या दिवशी परत पाण्यात उतरत नाही.

पाण्यात मूल पाठीवर तरंगतं, बोर्ड दोरीला आडवा, वरची कड पाण्याबाहेर. दोरी हातापायाभोवती नाही ना, ते बघा. मग गिअर टाकून नुसत्या आयडलवर (थ्रॉटल न देता, सगळ्यात कमी वेगात) दोरी ताणून घ्या आणि आठ-दहा सेकंद तसंच ओढत राहा. घाईत हा टप्पा हमखास गाळला जातो. ताण कसा लागतो हे मुलाला इथेच कळतं. त्यानंतर तीन-चार सेकंदांत, सावकाश, तासाला नऊ-दहा मैलांपर्यंत जा. म्हणजे साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. तिथेच थांबा.

मूल वर येत नसेल तर बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो, थ्रॉटलवरच्या हाताचा असतो. मोठ्या माणसाला उचलायला लागतो तसा जोर दिला की वीस किलोच्या मुलाच्या हातातून हँडल निसटतं, आणि मग आपण त्यालाच "नीट धर" म्हणतो. त्याच्या वजनाला तो बोर्ड भरपूर मोठा असतो, कमी वेगातच पाण्यावर येतो.

थ्रॉटल बरोबर असूनही पडत असेल तर कुठल्या बाजूला पडतंय ते बघा. हँडल सुटून जागच्या जागी बसलं, तर पाय लवकर ताठ केले. बोर्ड भिंतीसारखा पाण्याला अडला. मागे पडलं, तर कोपर वाकवून स्वतःला ओढून घेतलं. तोंडावर पडलं, तर बोर्डची पुढची, बोटांकडची कड पाण्यात रुतली. नजर जवळजवळ नेहमी खाली असते. बोटीवरच्या टॉवरकडे (दोरी बांधायच्या उंच कमानीकडे) बघायला सांगा. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा.

बोर्ड पाण्यावर आला की मग पुढचा पाय बोटीकडे वळवायचा, हँडल पुढच्या कमरेशी आणायचं आणि गुडघे वाकलेले ठेवून सावकाश उभं राहायचं. हे बरीच मुलं न शिकवता करतात. दर वेळी उलट्या बाजूला वळत असेल तर पायांची बाजू बदला.

दोरी दहा-बारा मीटरच ठेवा. टॉवरला बांधलेली छोटी दोरी वरच्या बाजूला ओढते, त्यामुळे उठणं सोपं जातं. याहून फार जवळ मात्र नको, मागे एक्झॉस्टचा धूर असतो. इनबोर्ड बोट (इंजिन आत असलेली) आणि बूम (बोटीच्या बाजूला बाहेर काढलेला, धरायचा दांडा) असेल तर उत्तमच: बाजूचं पाणी सपाट असतं आणि तुमचं बोलणं मुलाला ऐकू जातं. बॅलास्ट (लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत भरायचं पाण्याचं वजन) रिकामा ठेवा. वेळ सकाळची, नऊच्या आत; दुपारनंतर डेल्टात वारा सुटतो आणि पाणी खवळतं.

बोटीत चालकाशिवाय मागे बघणारा एक माणूस हवाच, कॅलिफोर्नियात तो किमान बारा वर्षांचा लागतो. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हे काम जरूर द्या, पण फोटो काढायचं काम दुसऱ्याला. मूल पडलं की लाल किंवा नारिंगी झेंडा वर, थ्रॉटल न्यूट्रलला. गर्रकन वळू नका, तुमच्याच लाटा मुलावर येतात. आयडलवर परत या, मूल चालकाच्या बाजूला दिसत राहू द्या आणि ते शिडीजवळ येण्याआधी इंजिन बंद करा. न्यूट्रल नव्हे, बंद. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणालाही बसू देऊ नका. तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हात सोडून खुणा करणं मुलाला सुरुवातीला जमत नाही. मान वर-खाली म्हणजे ठीक, आडवी म्हणजे थांबवा, एवढं पुरे.

चार-पाच प्रयत्न झाले की वर घ्या, मूल "अजून एकदा" म्हणत असलं तरी. हाताची पकड मन भरण्याआधीच संपलेली असते. सलग दोन-तीनदा अर्धा मिनिट उभं राहिलं, तरच पुढच्या खेपेला दोरी तीन मीटर वाढवा आणि वेग एक मैलाने. वेक (बोटीमागे उठणारी लाट) ओलांडायचं नाव त्याने स्वतः काढेपर्यंत तुम्ही काढू नका.