मोठ्या झाडाच्या वाळक्या फांद्या तोडताना या चुका टाळा

परसातल्या जुन्या आंब्याची वाळकी फांदी पावसाळ्यापूर्वी उतरवलेली बरी. मात्र ती घराच्या पत्र्यावर पडू नये एवढीच काळजी घेतली जाते आणि नेमकी कोठे कापायची, हे कोयता घेऊन आलेल्या गड्यावर सोडले जाते. फांदी मेलेली असली तरी तिच्या बुडाशी, खोडाला लागून असलेली फुगीर कड जिवंत असते आणि जखम भरून काढण्याचे काम तीच करते. ही कडच तासून खोडाशी सपाट काप घेतल्यास काम सुबक दिसते, पण जखम विनाकारण मोठी होते, कूज खोडात शिरते आणि कालांतराने तेथे ढोली पडते. उलट हातभर खुंट मागे ठेवल्यास त्यावर साल चढू शकत नाही. कधीकधी जिवंत साल वाळक्या लाकडावर वीतभर पुढे सरकलेली असते. अशा वेळी ती जेथे संपते, तिच्या बाहेरच करवत लावावी.

जड फांदी वरून एकाच कापात तोडू नये, कारण ती अर्ध्यात मोडून खालची साल खोडापर्यंत सोलत नेते. खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर आधी खालून पाव जाडीची खाच द्यावी, तिच्या थोडे पुढे वरून कापून भार उतरवावा आणि उरलेला खुंट शेवटी कडेबाहेर कापावा.

वाळक्या फांदीला शिडी टेकवणे किंवा दोर बांधणे हे जिवावरचे काम आहे. ओली फांदी वाकून इशारा तरी देते, वाळकी काडकन मोडते. जवळून विजेची तार जात असेल, तर वीजपुरवठा अधिकृतपणे बंद करून घेतल्याशिवाय झाडाला हात लावू नये. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे आधी चौकशी करावी, झाड स्वतःच्या आवारातले असले तरीही.

कापावर डांबर किंवा ऑइल पेंट फासू नये. त्याखाली ओल कोंडते. कोकणासारख्या दमट भागात बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. ती प्लॅस्टिकच्या भांड्यात करावी व त्याच दिवशी वापरावी; बुडवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे.

फांदी का वाळली, हे न पाहता करवत उचलणे ही चूकही सर्रास होते. नखाने साल खरवडून आत हिरवे दिसले, तर ती मेलेलीच नाही. पानगळीतल्या गुलमोहरावर असा अन्याय नेहमी होतो. बांडगुळामुळे टोक वाळले असेल, तर बांडगुळाच्या गाठीच्या खालून कापावे. खोडावरच्या छिद्रातून भुसा पडत असल्यास भिरूड आत आहे, आणि त्या अळीचा बंदोबस्त आधी करावा लागेल. शेंड्याकडच्या बऱ्याच फांद्या एकदम वाळू लागल्या, तर दोष बहुधा मुळांशी असतो; अशा वेळी बुंध्याभोवती घातलेली फरशी किंवा काँक्रीट मुळांना न दुखवता काढून माती मोकळी करावी.