मोठ्यांची दहावी ऑनलाइन शिकवायची असेल तर

डीएड-बीएड झालंय, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही निघाली आणि भरतीची वाट बघून जीव मेटाकुटीला आलाय, तर तुमची अवस्था मला वेगळी सांगायला नको. भरतीसाठी लागणारी शिक्षक अभियोग्यता चाचणी 2017 नंतर थेट 2023 मध्ये झाली. मधली वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आमच्यासारख्यांनी शिकवण्यांवरच काढली. शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांना मी ऑनलाइन शिकवू लागले ते याच काळात.

आधी पैशाचं बोलते. सुरुवातीला यावर घर चालत नाही. हातातल्या शिकवण्या सोडू नका.

एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा आणि सतरा नंबर म्हणजे राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्याचा अर्ज, यातला फरक तुम्हाला माहीत असणारच. एनआयओएसमध्ये विषय निवडायची मोकळीक असते, आणि खरा घात तिथेच होतो. मी आधी एका खाजगी संस्थेसाठी तासावर शिकवायचे. विद्यार्थी माझ्यापर्यंत येईपर्यंत त्यांचे अर्ज भरून झालेले असायचे. मराठी, हिंदी, गृहविज्ञान, सामाजिक विज्ञान, चित्रकला. गणित नाही, इंग्रजी नाही. निकाल चांगला लागायचा, जाहिरातीला फोटो मिळायचे. काजूच्या कारखान्यात जाणारी एक ताई अशीच पास झाली, वाडीत पेढे वाटले. पुढे ग्रामीण डाक सेवकाची भरती निघाली. तिथे दहावीला गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण असावं लागतं. तिच्या गुणपत्रिकेवर दोन्ही नव्हते. रात्री फोन आला, "मॅडम, माझी दहावी खरी नाय काय वो?"

दहावी खरीच होती. पण तिला ती ज्या कामासाठी हवी होती, त्या कामाची नव्हती. मला अजूनही संस्थेतल्या त्या अर्ज भरणाऱ्यांचा राग येतो.

म्हणून पहिल्या फोनवर एकच विचारा, दहावी कशाला हवी? पोलिस पाटील व्हायचं असेल तर दहावी उत्तीर्ण पुरे. जहाजावर जीपी रेटिंगला, म्हणजे खलाशाच्या प्रशिक्षणाला, जायचं असेल तर गणित, विज्ञान, इंग्रजी लागतं, आणि त्यात नुसतं पास होऊनही भागत नाही. "लग्न लवकर झालं, मनात राहून गेलं," असं सांगणारी आली तर तिला गृहविज्ञान खुशाल घेऊ दे. उत्तर मिळेपर्यंत तुम्ही विषयांची नावंच काढू नका. नोकरीचं नाव घेतलं तर त्या नोकरीची जुनी जाहिरात शोधा आणि पात्रतेची ओळ दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. "बघू नंतर" म्हणून ढकललं की नंतर कोणी बघत नाही. अर्ज एजंट भरून देणार असेल तर जमा करण्याआधी त्याचा फोटो मागवाच. आणि "अभ्यास न करता दहावी" म्हणणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका.

गणिताला माणसं घाबरतात, हे मान्य. पण घाबरण्याइतकं ते अवघड नाही. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के लागतात. नोंदणी पाच वर्षं टिकते, नऊ संधी मिळतात, एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. सोपे विषय आधी देऊन गणितासाठी एक अख्खी खेप राखून ठेवा. त्या ताईने पुढे गणित आणि इंग्रजी वेगळे नोंदवले. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची साल गेलेली, फोनचा पडदा तिचं बोट ओळखायचाच नाही. म्यूट काढायला ती बोटाचं पेर दाबून बघायची, तोवर माझा प्रश्न पुढे गेलेला असायचा. शेवटी मी साधा कॉल लावायचे, ती वहीत गणित सोडवायची आणि मुलगा पानाचा फोटो पाठवायचा. ऑनलाइन म्हणजे झूमच, असं कुठे लिहिलेलं नाही.

वेळापत्रक तुमच्या सोयीने लावलंत तर वर्ग रिकामा राहील. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला असतात, म्हणजे एकदा आंब्याचा हंगाम आणि एकदा भातकापणी. बागेत कामाला जाणाऱ्याला एप्रिलचा आग्रह करू नका. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, खलाशी घरी असतात, त्यांचं गणित तेव्हाच उरकून घ्या. नेमकी तेव्हाच वीज जाते आणि रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, म्हणून धडे छोट्या ऑडिओत पाठवा. स्वाध्यायांना 20 टक्के गुण आहेत, ते ज्याचे त्याच्याकडूनच लिहून घ्या. तयार उत्तरं विकत मिळतात, मला ती अजिबात पटत नाहीत.

शिकवायचं कसं, हे विचारायचं असेल तर द्विशिक्षकी शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडे जा. दोन इयत्ता एका खोलीत सांभाळलेल्या माणसाला जे कळतं ते यूट्यूबवरच्या कोणाला कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

राहिले कागद. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं. अर्ज भरायच्या आधीच दाखला, आधार आणि लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र तिन्ही समोर ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. नोंदणी नसेल तर ग्रामपंचायतीत आधी तेवढं काम करायला सांगा, प्रवेशाची तारीख त्यानंतर बघू.