पापलेट घेताना, कापताना, तळताना

कोळणीच्या पाटीवर चमकतंय म्हणून पापलेट घेऊ नका. वरून बर्फाचं पाणी मारलं की शिळंही चमकतं. डोक्यामागे, कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबून बघा. खळगा लगेच भरून आला आणि पांढरट पाणी सुटलं तर माल चांगला. लालसर, वासाचं पाणी आलं की पुढच्या पाटीकडे वळा. पापलेटाच्या कल्ल्याची फट बारीक असते, आतलं सहज दिसत नाही. तेव्हा "मावशी, कल्ले उघडून दाखवा" असं सरळ सांगायचं. पोटही चाचपा, ते सगळ्यात आधी मऊ पडतं.

नवी मुंबईत बेलापूरच्या दिवाळे गावच्या मासळी बाजाराला खाडी लागून आहे, पण तिथलं पापलेट खाडीतलं नव्हे, समुद्रातलं. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत "आजचंच आहे" म्हणून दिसणारं पापलेट बहुधा शीतगृहातलं किंवा बाहेरून आलेलं असतं. भाव त्या हिशेबाने करा.

स्वस्तात "पापलेट" मिळालं तर शेपटीकडे बघा. पाठीवरच्या पराच्या मागे, शेपटीआधी छोटा मांसल पर असेल आणि पोटाखालीही परांची जोडी असेल, तर ते तळ्यात वाढवलेलं रूपचंद. मोठ्या पापलेटाला हे दोन्ही नसतात. काळपट हलवा वेगळा मासा; चवीला छान, पण पापलेटाच्या भावाने घेऊ नये. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायला राज्यात मनाई आहे. तसंही त्यात काट्याखेरीज हाती काय लागणार!

तळायला ४००-५०० ग्रॅमचा नग घ्या, भरायला २५०-३००चा. तुकड्या बोटभर जाड हव्यात. पातळ केल्या तर मसाला भाजेपर्यंत मासा कोरडा पडतो. डोकं टाकू नका, कालवणाला चव त्यानेच येते.

अर्धा किलोला एक चमचा मीठ, पाव चमचा हळद, अर्ध्या लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटं ठेवा. लिंबात तासभर राहिला तर मासा भुसभुशीत होतो. सुटलेलं पाणी फेकून, तुकड्या टिपून मगच आलं-लसूण आणि तिखट लावा. तांदळाचं पीठ तव्यावर टाकायच्या क्षणी. आधी लावलं तर ओलं होऊन सुटतं. तवा तापला की मध्यम आचेवर एका बाजूने चार मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू कुरकुरीत झाली की तुकडी आपोआप सुटते. ओढून काढावी लागली, तर अजून वेळ आहे.